दावणीला बांधलेली मशीन

नत्थुजीने बैलाच्या जबड्यात हात घातला की अकोटच्या बाजारात शेजारचे दोन सौदे थांबायचे. तो दात पाहायचा, खूर उचलून पाहायचा, मग बैलाला दहा पावलं चालवायला सांगून स्वतः पाठमोरा उभा राहायचा आणि नुसतं ऐकायचा. शेवटी म्हणायचा "घ्या", नाहीतर "राहू द्या". वर एक शब्द जास्तीचा नाही. चाळीस वर्षांत त्याच्या "घ्या"वर घेतलेलं जनावर कोणी परत आणलं नव्हतं. ही गोष्ट तो दिवसातून तीनदा सांगायचा, आणि ऐकणारा कंटाळलेला दिसला तर त्याच्यावर चिडून चौथ्यांदा सांगायचा.

राहणारा तिवशाजवळचा. घरची काळी जमीन भाऊ वाहायचा. नत्थुजीचा पाय वावरात ठरत नसे. खांद्यावर एक दुपट्टा. त्याच्याखाली बोटं दाबून भाव ठरायचे, आणि तोच थंडीत पांघरूण, तोच उन्हात डोक्याला. अक्षर एकही ओळखीचं नव्हतं, पण अक्षरवाल्यांना तो चांगला ओळखून होता.

त्याची स्वतःची एक रीत होती. दुसरे दलाल सौदा झाला की तंबाखू मळत चालते व्हायचे. नत्थुजी मात्र नव्या बैलाला आठ दिवस घेणाऱ्याच्या गोठ्यात बांधायला लावायचा, जुन्या बैलाच्या शेजारी, एका दावणीला. जुन्याच्या पायाखालचं मूठभर कुटार, चाऱ्याचा भुसा, उचलून नव्याच्या अंगाला चोळायचा. म्हणायचा, "बैल एकटा चांगला असून काय करते? त्याले एकट्याले थोडंच राहायचं हाये? ज्याच्यासंगं राहायचं हाये त्याले इचारा." आठव्या दिवशी दोन तोंडं एका गव्हाणीत दिसली की सौदा पक्का. आणि एकदा जोडी लागली की ती फोडायची नाही. फोडली तर एक इकडे हंबरतो आणि दुसरा तिकडे दावं तोडतो. बैलांचं हे बाजारातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. माणसांच्या बाबतीत मात्र मोठमोठ्या पागोटेवाल्यांना का उमगत नाही, याचं नत्थुजीला नवल वाटायचं.

वऱ्हाड त्या वेळी मध्यप्रांताच्या दावणीला बांधलेला होता. गव्हाण नागपुरात, दूध काढणारे त्याहून लांब. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायला अजून दोनेक वर्षं होती. अमरावतीच्या कँपात तेव्हा खुशालरावांनी नवा बंगला बांधला होता. धामणगावाकडे दोनशे एकर कपाशी, म्युनिसिपालिटीत मेंबरकी, आणि बंगल्यात शिरल्या शिरल्या भिंतीला दोन खुंट्या. एकीवर खादीची टोपी, दुसरीवर जरीचा फेटा. फाटकाशी कोण आलंय हे नोकर आधी धावत येऊन सांगायचा, मग खुशालराव खुंटी निवडायचे. देशभक्त आला की चरख्याची चौकशी, साहेब आला की चहा. दोन्हींत मन सारखंच; पण रावसाहेब हा किताब चरख्यातून निघत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

त्यांच्या वडिलांनी मरताना सांगून ठेवलं होतं, घरात चालती कोणतीही वस्तू नत्थुजीला विचारल्याशिवाय घ्यायची नाही. म्हाताऱ्याच्या मनात बैल होते. खुशालरावांनी न विचारता मोटार घेतली, आणि तिसऱ्या दिवशी ती बडनेऱ्याच्या रस्त्यावर एका विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसली. तेव्हापासून चालणाऱ्या प्रत्येक वस्तूसाठी नत्थुजीला बोलावणं जायचं. दुसरी मोटार आली तेव्हा नत्थुजीने तिच्याखाली वाकून पाहिलं, तिला दहा पावलं चालवायला लावलं, पाठमोरा उभा राहून ऐकलं आणि म्हणाला, "राहू द्या." तिसरी घेतली. ती अजून चालत होती.

त्या बंगल्याच्या मागल्या पडवीत खुशालरावांची थोरली बहीण राहायची, जमुनाबाई. तेराव्या वर्षी लग्न, पंधराव्या वर्षी पांढरं कपाळ. तिला सासरी घेऊन गेलेली गवळाऊ बैलांची जोडी नत्थुजीनेच निवडलेली होती, आणि दोन वर्षांनी तीच जोडी तिला परत घेऊन आली. परतीच्या वाटेवर नत्थुजी गाडीमागून चालला होता. बैलांत काही खोट नव्हती. तरी आपलाच एखादा सौदा फसल्यासारखं त्याला वाटलं, आणि ते वाटणं पुढे कधी गेलं नाही. भावाच्या घरी ती तीस वर्षं रांधत आणि वाढत होती. घरात पाहुणा आला की ती दिसायची नाही, आणि नसला तरी फारसं कोणी पाहायचं नाही. मग एकदा बाजारातून येताना नत्थुजीने धनगराकडचं एक केसाळ पिल्लू दुपट्ट्यात गुंडाळून आणलं आणि तिच्यापुढे ठेवलं.

"घ्या," म्हणाला.

तिने त्याचं नाव शिपाई ठेवलं. आता तो आठ वर्षांचा झाला होता आणि वासराएवढा वाढला होता. त्याच्या उबेला दोन मांजरीही येऊन राहिल्या होत्या. दिवसभरात जमुनाबाई जे काही बोलायची ते या तिघांशी.

गावच्या घरी जमीन शेणाने सारवलेली. केस कुठे पडला आणि कुठे गेला, कोण पाहतो? बंगल्यात गालिचा आला. लाल, जाड, दिवाणखान्याच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. शिपायाला तो फार आवडला. डिप्टी कमिशनर साहेब पहिल्यांदा चहाला आले तेव्हा त्यांच्या काळ्या विजारीला गुडघ्यापर्यंत पांढरी लव आली, आणि साहेब सात वेळा शिंकले. सात हा आकडा केशवराव वकिलांनी मोजला. हे केशवराव खुशालरावांचे दोस्त, सल्लागार आणि इंग्रजी बोलायची वेळ आली की त्यांचं तोंड.

साहेबांची मोटार फाटकाबाहेर गेली आणि खुशालराव पडवीत आले.

"बाई, पंधरा दिवसांनी साहेब पुन्हा येऊन राहिले. तंवर घरात एक केस दिसला ना, तं कुत्रं अन् मांजरी पोत्यात घालून मेळघाटात सोडतो. मंग मले बोलू नको."

"म्या कधी बोलली तुले काही, खुशाल?" जमुनाबाई म्हणाली.

यावर ते जास्तच रागावून निघून गेले.

तिवशाकडून भाजी घेऊन येणाऱ्या एका बंडीवाल्याबरोबर तिने निरोप धाडला: शिपायाले एकदा पाहून जा. त्याच बंडीवाल्याबरोबर खुशालरावांचाही निरोप होता: केस ओढायची मशीन घ्यायची आहे, चालती वस्तू आहे, दात पाहायला या.

नत्थुजी दुसऱ्या दिवशी हजर.

दिवाणखान्यात दोन मशिनी मांडल्या होत्या. शेजारी पुण्याचा एक एजंट पाटलोण-कोटात घामाघूम. एक मशीन विजेची: लोखंडी पिंप, खाली दोन पट्ट्या, पुढे सोंडेसारखी लांब नळी. दुसरी हातपंपाची: भात्यासारखी, एका हाताने दांडा मागेपुढे ओढायचा आणि दुसऱ्याने नळी धरायची. खुशालरावांनी यासाठी कमिटी नेमली होती, कारण मध्यप्रांतात कमिटीशिवाय गटारही वाहत नव्हतं. कमिटीत केशवराव आणि नत्थुजी.

केशवरावांनी चष्मा पुसला. "नागपुरास गव्हर्नरसाहेबांच्या बंगल्यावर यांपैकी कोणती आहे?"

"विजेची, साहेब," एजंट म्हणाला. त्याने गव्हर्नरचा बंगला बाहेरूनही पाहिला नव्हता.

"मग प्रश्नच मिटला," केशवराव म्हणाले. "माझं मत विजेच्या बाजूने."

"तुमी बी त्या बंगल्यात राहायले जाऊन राहिले काय?" नत्थुजीने विचारलं, आणि विजेच्या मशीनपुढे उकिडवा बसला. "इचे दात दाखवा."

"दात?"

"तोंड उघडा जी इचं."

एजंटाने नळीचं टोक पुढे केलं. आत राठ केसांचा कुंचा होता. नत्थुजीने त्यावर अंगठा फिरवला. "दोन दाती हाये. कोवळी. पोट कुठं हाये?"

एजंटाने पिंपाचं झाकण उघडून आतली कापडी पिशवी दाखवली.

"चारा काय खाते?"

"वीज."

"गव्हाण?"

एजंट आता हसू लागला होता. त्याने भिंतीतला प्लग दाखवला.

"म्हणजे गव्हाण भिंतीत. बरं. अन् शेण कुठून टाकते?"

"नत्थुजी!" खुशालराव म्हणाले. केशवरावांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"खाते तं टाकीन नाही काय? कुठं टाकीन हे पयले पाहा लागते."

एजंटाने ऐटीत पिशवीचा आकडा सोडला. आदल्या आठवड्यात त्याने नागपुरात तीन घरी मशीन चालवून दाखवली होती. त्या तिन्ही घरांची धूळ एकदम केशवरावांच्या काळ्या कोटावर आली. वकील पांढरे झाले. नत्थुजीने मान डोलावली. "हे सांगून राहिलो मी. शेण काढाले इले बाहेर न्या लागीन."

मग त्याने शिपायाच्या पाठीवरची मूठभर लोकर उपटून आणली, मांजरीची थोडी, अंगणातला थोडा कापूस, आणि हे सगळं गालिच्यावर टाकून टाचेने आत दाबलं. आधी हातपंपाची. ती गप्प होती, शहाणी होती, कापूस तिने उचलला. पण मांजरीचे केस गालिच्याला धरून बसले ते बसलेच. एजंट दांडा ओढून ओढून दमला.

"हे सासूसारखी हाये," नत्थुजी म्हणाला. "दिसते तेवढंच उचलते. राहू द्या."

मग विजेची लावली. पहिल्याच क्षणी मशीन अशी ओरडली की खुशालरावांनी भिंत धरली. नळी गालिच्यावरून फिरली आणि मागे लाल पट्टा कोरा निघाला. कापूस गेला, लोकर गेली, मांजर गेली. नत्थुजी पाठमोरा उभा राहून ऐकत होता. छातीतून आवाज येत होता, घरघर नव्हती. तो "घ्या" म्हणणार, एवढ्यात शिपाई मागच्या दारातून तोफेच्या गोळ्यासारखा आत आला. त्याने नळी दातात धरून दोनदा आपटली. केशवराव सोफ्यावर चढले. एजंट प्लगच्या दिशेने रांगत गेला.

"पोतं आणा रे!" खुशालराव ओरडले. "आत्ताच्या आत्ता पोतं आणा!"

जमुनाबाई दाराच्या आड उभी होती. ती आत आली नाही. तिने फक्त चौकट धरली, आणि नत्थुजीला तिची बोटं दिसली.

"कोऱ्या गोऱ्ह्याले गाडीले जुपलं तं थो काय करते, खुशालराव?" नत्थुजी शांतपणे म्हणाला. "लाथा मारते. मंग तुमी काय गोऱ्हा जंगलात सोडता? माह्या 'घ्या' अजून झाला नाही. आठ दिवस दावण पाहतो, मंग सांगतो."

"मशीनीची दावण?"

"मंग काय तुमची?"

वडिलांचा शब्द आणि विहिरीवर बसलेली मोटार, दोन्ही एकदम आठवल्यामुळे खुशालरावांनी पोतं परत पाठवलं. एजंटाने हिशेब केला की आठ दिवस जेवण फुकट आहे, आणि तोही कबूल झाला.

अशी ती विलायती मशीन मागल्या पडवीत शिपायाच्या खुंट्याशेजारी आली. नत्थुजीने तिला खरोखरच दाव्याने बांधलं. शिपायाची जुनी गोधडी घेऊन तिच्या सगळ्या अंगावर चोळली, सोंडेवर तर दोनदा. चोळता चोळता जमुनाबाईला सांगत राहिला: "पयले दोन दिवस मुकी राहू द्या. भाकर इच्या पायापाशी घाला. मंग दोन दिवस नुसती सरकवा. मंग पलीकडच्या खोलीत, दार लावून, चालू करा अन् इकडे त्याले ताकभाकर द्या. रोज दार थोडं थोडं उघडा."

"म्या चालवू?" जमुनाबाई म्हणाली. "इजेची?"

"मंग कोण? मी तं तिवशाले चाललो."

तीस वर्षांत त्या घरात तिने चुलीशिवाय काही चालवलं नव्हतं. पाचव्या दिवशी पहिल्यांदा बटण दाबताना तिने डोळे मिटले. सहाव्या दिवशी नळीत अडकलेला केसांचा बोळा तिने विणायच्या सुईने काढला. एजंटाला तो कसा काढतात ते माहीत नव्हतं. त्याने ते तिच्याकडून शिकून वहीत लिहून घेतलं. सातव्या दिवशी ती मशीनला रागावत होती: "हळू खा नं वं, कोण हिसकून राहिलं तुह्याजवळून?"

आठव्या दिवशी नत्थुजी आला आणि पडवीच्या दारातच थांबला. मांजरी पिंपावर झोपलेल्या. जमुनाबाईने बटण दाबलं तर त्या नुसत्या कानाने उठल्या, अंगाने नाही. ती पडवी झाडत होती आणि नळीच्या डाव्या बाजूला, पावलाला पाऊल लावून, शिपाई चालत होता. वळणावर ती वळली की तो वळायचा. मशीन बंद झाली तसा तो तिच्या शेजारी बसला आणि त्याने तोंड तिच्या अंगावर टेकवलं.

नत्थुजीने उगाचच दुपट्ट्याने तोंड पुसलं. "घ्या," म्हणाला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. बैलांमध्ये संपली असती. पण हा मेंबराचा बंगला होता.

या आठ दिवसांत खुशालरावांनी मशीनची बातमी गावभर केली होती. कँपातल्या चार घरी तिचं वर्णन झालं, एका साप्ताहिकात दोन ओळी आल्या, आणि साहेबांनी चहाला मडमेसह येण्याचं कबूल केलं ते मशीन पाहायलाच. ड्रायव्हर देवीदास मशीन दिवाणखान्यात न्यायला पडवीत गेला. शिपाई उठला आणि त्याने देवीदासचं धोतर अर्धं ठेवून घेतलं, अर्धं परत दिलं.

"कुत्रा उद्याच्या उद्या काढतो!" खुशालराव म्हणाले. "मशीनीले हात लावू देत नाही मंजे काय? साहेबासमोर असं झालं तं?"

"पण मशीन तं कुत्र्यासाठी घेतली तुमी," नत्थुजी म्हणाला.

"कोणी म्हटलं? मशीन साहेबासाठी घेतली."

"मंग साहेबाचे केस गळते काय?"

हुकूम सुटला: उद्या चहा होईपर्यंत शिपाई मोटारीच्या खोलीत बंद, मांजरी टोपल्याखाली, परवा सकाळी तिघंही मेळघाटाच्या वाटेला. मशीन देवीदास चालवील. बाई स्वयंपाकघरातून बाहेर येणार नाही. जोडी लावायला चाळीस वर्षं मुरलेला माणूस लागला होता, फोडायला पाच मिनिटं लागली.

जमुनाबाई तुळशीजवळ उभी होती. "नत्थुजी, चालला माया शिपाई."

"दावं कोणतं बांधणार हायेत?"

"सुताचं. जुनं."

"त्या खोलीची खिडकी?"

"तिले दारच नाही बसवलं अजून."

"मंग तुमी काई करू नका."

"काईच?"

"देवीदास मशीन चालू करीन नं? बस झालं."

दुसऱ्या दिवशी नत्थुजी बंगल्याच्या पायरीवर चपलांशेजारी बसला होता. त्याला आत बोलावलं नव्हतं. कमिटीचं काम संपलं होतं. खुशालरावांच्या डोक्यावर जरीचा फेटा. साहेब आले, मडम आली, केशवराव दुसऱ्या कोटात आले. आणि आदल्या दिवशी एक भलताच प्रकार झाला होता. साहेबांच्या डोळ्यांपुढे मशीनने घाण काढली तर घरात घाण होती असा अर्थ होईल, हे केशवरावांच्या कायदेशीर डोक्यात आलं. म्हणून चार नोकरांनी गालिचा भिंतीवर टाकून काठीने दोन तास झोडला होता. गालिचा आरशासारखा लख्ख.

देवीदासने नळी फिरवायला घेतली, बटण दाबायच्या आधीच. केशवरावांनी डोळे वटारले तेव्हा दाबलं. मशीन ओरडली. नळी इकडून तिकडे गेली, तिकडून इकडे आली. गालिचा जसा होता तसा राहिला. मडम वाकून वाकून पाहत होती. तिने काहीतरी विचारलं. केशवरावांनी मराठी करून सांगितलं: "बाईसाहेब विचारतात, ही काय उचलते?"

"सगळं," खुशालराव म्हणाले.

"त्या म्हणतात, दाखवा."

पिशवी उघडली. पिशवी रिकामी. साहेबांनी घड्याळ काढलं.

खुशालरावांच्या कपाळावर फेट्याच्या काठाने घाम उतरू लागला. आता कोणी एक केस दिला असता तर त्यांनी त्याबदल्यात धामणगावचं एक वावर लिहून दिलं असतं. मशीन मात्र ओरडतच होती, कारण देवीदासला ती बंद कशी करायची हे घाबरून आठवत नव्हतं. आणि मोटारीच्या खोलीतून उत्तर आलं. आधी एक लांब हुंकार, मग दुसरा, मग काहीतरी तट्दिशी तुटल्याचा आवाज. पायरीवर नत्थुजीने पाय बाजूला घेतले. त्याच्या शेजारून शिपाई गेला, गळ्यात दोन हात सुताचं दावं, अंगाला मोटारीच्या खोलीतलं सगळं कुटार आणि जळमट.

तो दिवाणखान्यात शिरला. साहेब उठले. शिपायाने साहेबांकडे पाहिलंही नाही, खुशालरावांकडे तर नाहीच. तो मशीनपाशी गेला, तिला हुंगलं, आणि गालिच्याच्या मध्यावर उभं राहून नाकापासून शेपटीपर्यंत अंग असं झाडलं की लाल गालिचा पांढरा झाला. मग तोंड मशीनवर टेकवून बसला. देवीदास नळी टाकून सोफ्यामागे गेला.

मशीन ओरडत होती. स्वयंपाकघराच्या दारातून जमुनाबाई आली. डोक्यावरचा पदर सारखा केला, नळी उचलली. शिपाई उठून तिच्या डाव्या हाताला झाला. दोघं आणि मशीन गालिच्याच्या एका टोकाला गेले आणि वळत वळत दुसऱ्या टोकाला आले. पांढऱ्याचं लाल होत गेलं. शेवटी तिने नळी शिपायाच्या पाठीवरूनही फिरवली. त्याने डोळे मिटून घेतले. मग तिने बटण बंद केलं, पिशवी काढली, आणि बाहेर नेऊन झटकायच्या आधी मडमेला दाखवली. पिशवी गच्च भरली होती.

मडम टाळ्या वाजवू लागली. तिचा असाच एक कुत्रा विलायतेत राहिला होता म्हणे. ती खुशालरावांना काही बोलली. केशवरावांनी मराठी केलं: "त्या म्हणतात, या तुमच्या भगिनी आणि हा कुत्रा नसता तर यंत्र कशासाठी आहे ते समजलंच नसतं. पुढच्या वेळीही यांनाच दाखवायला सांगा."

तीस वर्षं सख्ख्या बहिणीचं जे कानात गेलं नव्हतं ते मडमेच्या एका वाक्याने गेलं. आपल्याकडे कान असेच असतात, गोरा आवाज लागतो त्यांना.

"शिपाई?" खुशालराव म्हणाले. "थो तं आमच्या घरचाच हाये जी! अन् बाईच्या हाताशिवाय ते मशीन चालतच नाही."

मेळघाटाचं नाव परत निघालं नाही. टोपल्याखालच्या मांजरी नत्थुजीनेच सोडल्या. जाताना खुशालरावांनी त्याला फाटकाशी गाठलं.

"नत्थुजी, हे तुमी जाणूनबुजून केलं."

"म्या काय केलं? म्या तं चपलांजवळ बसलो होतो."

रावसाहेबकी त्या वर्षी आली नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. मशीनचं मात्र कँपात चांगलंच नाव झालं. पाहता पाहता चार बंगल्यांत ती आली, आणि प्रत्येक घरी तोच पेच: पाहुण्यांना दाखवायचं काय? घरात केस नाही. मग ती मंडळी नत्थुजीच्या गावी मोटारी पाठवू लागली. केसाळ कुत्रा पाहिजे, धनगराचा, पांढरा, भरपूर गळणारा. बाजारातले लोक नत्थुजीला हसायचे आणि नत्थुजी त्यांच्यावर चिडायचा.

सगळ्यांत शेवटी केशवरावांनी बोलावलं. त्यांनी मशीन नवी कोरी घेतली होती, सोंडेला अजून पुठ्ठा होता. अकोटच्या बाजारातून नत्थुजीने एक पिल्लू आणलं होतं. ते दुपट्ट्यातून बाहेर डोकं काढून वकिलांच्या दिवाणखान्यातली पुस्तकं पाहत होतं.

नत्थुजी मशीनपुढे उकिडवा बसला. दात पाहिले, पोट पाहिलं.

"इले घरात चालवीन कोण, वकीलसाहेब?"

"नोकर आहे ना."

"अन् या पोराले भाकर कोण घालीन?"

"त्यासाठी दुसरा ठेवू."

"दोघं एका जागी राहतीन?"

"छे! कुत्रा मागे अंगणात, यंत्र इथे. पाहुणे आले म्हणजे आणायचा."

नत्थुजीने पिल्लाचं डोकं दुपट्ट्यात सारलं आणि गुडघ्यावर हात ठेवून उठला.

"राहू द्या," म्हणाला.

आणि केशवराव मागून काय भाव म्हणत होते ते न ऐकता तो कँपाच्या रस्त्याने खुशालरावांच्या बंगल्याकडे वळला. पडवीत मशीनचा आवाज येत होता. शिपायाचं वय होत चाललं होतं, आणि त्याच्या शेजारी एक खुंटा रिकामा होता.